लहान देशांचे लांब हात

राजगडाला निघालेली मंडळी चेलाडी फाट्यावर महामार्ग सोडून नसरापूरला येतात आणि तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला लागतात. बहुतेकजण वाटेत बनेश्वराचं दर्शन घेतात. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधवलेलं हे देऊळ झाडीत, थंड कुंडांच्या शेजारी आहे. देवळातली घंटा मात्र देवळाहून जुनी आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि 1683 हा आकडा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांपैकी ही एक असं मानलं जातं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरालाही अशा घंटा आहेत.

घंटा पाहिलेला माणूस मार्गासनीपर्यंत पोचेतो एक प्रश्न हमखास विचारतो. इंग्रजांचं समजतं, ते मोठं साम्राज्य होतं. पण पोर्तुगालसारख्या एवढ्याशा देशाला हजारो कोसांवर येऊन साडेचारशे वर्षं ठाण मांडून बसणं जमलं कसं? आणि जमलं असेल, तर त्याचं आज काय उरलंय?

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकांत वसाहतवाद म्हटला की इंग्रज सगळं पान व्यापतात. पोर्तुगीज, डच, डेन्मार्कवाले यांना सुरुवातीला अर्धं पान मिळतं आणि मग ते नाहीसे होतात. प्रत्यक्षात ते नाहीसे झाले नाहीत. त्यांनी केलेल्या गोष्टी आपल्या कायद्यात, छापील अक्षरांत, घरांच्या छपरांवर आणि माणसांच्या नशिबात मुरल्या आहेत.

1. आधी आकार पाहू

पंधराशे सालाच्या आसपास पोर्तुगालची लोकसंख्या दहा-बारा लाखांच्या घरात होती. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाख भरली. क्षेत्रफळाने पोर्तुगाल महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून लहान आहे. नेदरलँड्स पुणे जिल्ह्याच्या पावणेतीनपटही भरत नाही, आणि खुद्द डेन्मार्क त्याच मापाचा.

एवढ्या माणसांत शेतं कसायची, घर राखायचं, शेजारच्या मोठ्या राजाला थोपवून धरायचं आणि शिवाय ब्राझीलपासून मकाऊपर्यंत ठाणी सांभाळायची. सगळीकडे जमीन जिंकून राज्य करायचं ठरवलं असतं तर माणसंच पुरली नसती. म्हणून लहान देशांनी निराळे मार्ग शोधले. ते मार्ग कळले की पुढचं सगळं उलगडत जातं.

2. पोर्तुगाल: वाटेवरचं ठाणं

मार्गासनीला रस्ता फुटतो. एक वाट साखरवरून गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जाते; दुसरी विंझरवरून वेल्ह्याला, तोरण्याखाली. दोन्ही खोऱ्यांतली एक गुंठाही जमीन नसलेला माणूस जर हत्यारं घेऊन या फाट्यावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे परवाना मागू लागला, तर दोन्ही खोऱ्यांच्या बाजारावर त्याचा ताबा राहील. पोर्तुगीजांनी समुद्रावर हेच केलं. होर्मुझ, दीव, गोवा, कोचीन, मलाक्का या नाक्याच्या जागा त्यांनी धरल्या.

परवान्याला ते ‘कार्ताज’ म्हणत. समजा, सोळाव्या शतकात चौलच्या एका व्यापाऱ्याला कापड घेऊन होर्मुझला जायचं आहे. त्याने पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून कार्ताज घ्यायचा. त्यात गलबताचं नाव, नाखवा, माल, हत्यारं, कुठून कुठे जाणार हे सगळं लिहिलेलं असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरी मेख अटीत होती: जाता-येता पोर्तुगीज बंदराला लागायचं आणि तिथली जकात भरायची. परवाना नसेल तर गलबत मालासकट जप्त, आणि माणसांचं काय होईल ते पकडणाऱ्याच्या मर्जीवर. मिऱ्यांसारखा काही माल तर परवाना असूनही नेता येत नसे. मक्केला यात्रेकरू घेऊन जाणाऱ्या मोगल बादशहाच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. जमिनीवरचा एवढा मोठा सत्ताधीश, पण पाण्यावर त्याला दहा-बारा लाखांच्या देशाची परवानगी लागत होती.

आपल्याकडच्या सत्तांना हे उशिरा खुपलं, कारण त्यांची नजर जमिनीवर होती. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमार बांधायला काढलं तेव्हा मात्र गोष्ट बदलली. जहाजं बांधायला त्यांनी रुई लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज माणसाला आणि त्याच्या कारागिरांना कामावर ठेवलं. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला धोका तत्काळ कळला. ही जहाजं खाडीतून समुद्रात उतरली तर परवान्याचा धंदाच बुडणार होता. त्याने आपल्या माणसांना फितवून परत बोलावून घेतलं. काम थांबलं नाही. महाराजांनी ते पुढे नेलं आणि 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. राजगडावरून राज्य चालवणाऱ्या राजाने समुद्राची ही बाजू ओळखली, याचं मला आजही मोल वाटतं. त्या काळी हिंदुस्थानातल्या कुठल्याच मोठ्या सत्तेने ती इतकी मनावर घेतली नव्हती.

पुढे 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय लोकांबद्दल, स्वतंत्र विचार आहे. हे नुसते सावकार नव्हेत, यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत. यांना खाडीच्या किंवा समुद्राच्या काठी जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, नजरेखाली द्यावी, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ. आणि यादी करताना ते फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांच्याबरोबर डिंगमारांनाही विसरत नाहीत. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. मराठी मुत्सद्द्यांना लहान-मोठ्या सगळ्या टोपीकरांची ओळख होती. ती आपण नंतर हरवली.

3. डच: कंपनी, वखार आणि एक कौल

डचांनी, म्हणजे वलंदेजांनी, माणसांची आणि पैशाची उणीव वेगळ्या रीतीने भरून काढली. 1602 मध्ये त्यांनी अनेक छोट्या व्यापारी मंडळ्या एकत्र करून एक मोठी कंपनी काढली. तिचं भांडवल सुमारे 64 लाख गिल्डर होतं, आणि ते राजाच्या खजिन्यातून आलेलं नव्हतं. एकट्या ॲमस्टरडॅममध्ये हजाराहून जास्त लोकांनी त्यात पैसे घातले. त्यांत श्रीमंत व्यापारी होते तशा घरकाम करणाऱ्या बायकाही होत्या. ज्याचे त्याचे हिस्से वहीत नोंदले जात आणि ते दुसऱ्याला विकता येत. आज आपण ज्याला शेअर म्हणतो, त्याचंच हे सुरुवातीचं रूप.

या कंपनीला सरकारने लढाई करण्याचे, तह करण्याचे, किल्ले बांधण्याचे अधिकार दिले होते. माणसं कमी पडली तेव्हा तिने जर्मनीतून आणि उत्तरेकडच्या देशांतून भाडोत्री शिपाई आणि खलाशी घेतले. जवळपास दोनशे वर्षांत तिच्या जहाजांतून दहा लाखांच्या आसपास युरोपीय लोक आशियात आले. परत गेले ते त्यातले साधारण एक-तृतीयांश.

आपल्या किनाऱ्यावर त्यांचं ठिकाण वेंगुर्ला. 1637 मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी तिथे वखार घातली. तिचे अवशेष वेंगुर्ल्यात अजून उभे आहेत. जागा विचार करून निवडलेली होती: गोवा तिथून जवळ. त्या वर्षांत डच आरमार दरसाल मांडवीच्या मुखाशी येऊन गोव्याची कोंडी करी, आणि त्या जहाजांना अन्नपाणी वेंगुर्ल्याहून पुरवलं जाई. पोर्तुगीजांनी शंभरेक वर्षांत जमवलेली समुद्रावरची मक्तेदारी डचांनी पन्नास-साठ वर्षांत मोडली. 1663 मध्ये कोचीनही घेतलं. वेंगुर्ल्याच्या वखारीतून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ही पत्रं आजही उपयोगी पडतात.

इथवरची गोष्ट व्यापाराची वाटते. आता तिची दुसरी बाजू.

डच कंपनीला जायफळ, लवंग आणि दालचिनीच्या मुलखात कष्ट करायला माणसं हवी होती. ती विकत घेतली जात. पूर्व किनाऱ्यावर, आजच्या तमिळनाडूत, दुष्काळ पडला की आई-बाप मुलांना आणि स्वतःला विकत. पुलिकत आणि इतर बंदरांतून ही माणसं जहाजांत भरून बटाव्हियाला आणि श्रीलंकेला नेली जात. सतराव्या शतकात प्रत्येक मोठ्या दुष्काळाबरोबर हा व्यापार फुगलेला दिसतो. भुकेचा हंगाम हा कंपनीच्या लेखी खरेदीचा हंगाम होता.

1677 मध्ये महाराज कर्नाटक मोहिमेवर होते. जिंजी आणि आसपासचा मुलूख स्वराज्यात आला. त्या किनाऱ्यावर वखारी असलेल्या डचांना नव्या धन्याकडून कौल, म्हणजे व्यापाराचा परवाना, हवा होता. त्यांचा वकील हर्बर्ट दे यागर महाराजांना भेटला. ऑगस्ट 1677 मध्ये कौल मिळाला. डच भाषेत त्याचं भाषांतर टिकून आहे. व्यापाराच्या नेहमीच्या सवलतींबरोबर त्यात एक कलम आहे. त्याचा अर्थ असा: आधीच्या राज्यात तुम्हाला इथे बायका-पुरुष गुलाम म्हणून विकत घेऊन नेता येत होते, या मुलखात माझा अंमल असेतो ते चालणार नाही, कोणी किनाऱ्याकडे न्यायला लागला तर माझे लोक अडवतील.

या कलमाकडे मी वारंवार परत येतो. युरोपात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संघटित आवाज उठायला अजून शंभर वर्षं होती. हे कलम लिहिलं गेलं त्याच काळात डच कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांत माणसं वजाबाकी-बेरजेच्या रकान्यांत होती. त्या राजवटीत सगळ्याच प्रकारची वेठ नाहीशी झाली असा याचा अर्थ नाही. पण माणसं विकत घेऊन समुद्रापार न्यायला एका राज्यकर्त्याने लेखी मनाई केली, आणि ती एका बलाढ्य कंपनीला केली. हा कागद शाळेच्या पुस्तकात असायला हवा.

19 डिसेंबर 2022 रोजी नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी गुलामगिरीतल्या आपल्या देशाच्या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली. पुढच्या जुलैत राजे विलेम-अलेक्झांडर यांनीही मागितली. रुटे यांनी आपल्या भाषणात आशियाचा आकडाही दिला: कंपनीच्या अमलाखालच्या प्रदेशात 6 लाख 60 हजार ते 10 लाखांहून अधिक माणसांची खरेदी-विक्री झाली. त्यांत बंगालचे, तमिळ किनाऱ्याचे, मलबारचे लोक होते. भारतात या माफीची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

4. गोवा आणि वसई: जिथे जमीनही घेतली

पोर्तुगीजांची मुख्य रीत नाक्याची असली तरी दोन ठिकाणी त्यांनी जमीनही घेतली आणि माणसंही. 1510 मध्ये गोवा, आणि 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाशी केलेल्या तहाने वसईचा मुलूख. मुंबईची बेटंही त्यातच आली. ती 1661 च्या विवाह करारात इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली. माणसं आणि गावं अशी कागदावर देऊन टाकता येतात, हा वसाहतीचा स्वभाव इथे उघडा पडतो.

गोव्यात देवळं पाडली गेली. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं आणि मधल्या चार वर्षांचा खंड सोडता 1812 पर्यंत चाललं. त्याच्यापुढे सोळा हजारांवर खटले चालले. नव्या धर्मात आलेल्या माणसाने घरात तुळस ठेवली, जुन्या रीतीने लग्नात गाणी म्हटली, तर तेवढ्यावरून तो आत जाई. 1684 मध्ये स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज शिकावी असा हुकूम निघाला. लोक देव घेऊन नदीपलीकडे गेले. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही फोंड्याकडची देवस्थानं या स्थलांतराची आहेत. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता.

त्याच गोव्यात 1616 मध्ये राचोलला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. अस्सल मराठी ओव्या, पण लिपी रोमन. एकीकडे भाषा दडपायची आणि दुसरीकडे त्याच भाषेतून धर्म सांगायचा, या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीत घडल्या.

आता कायद्याकडे येऊ, कारण गोव्यातला सर्वांत जिवंत वारसा तोच आहे. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1870 मध्ये गोव्याला लागू झाली. तिच्यातला लग्नाच्या मालमत्तेचा नियम एका उदाहरणाने पाहू. समजा बांद्याजवळ सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक कुटुंब आहे, आणि दोन्हीकडे प्रत्येकी चाळीस लाखांची मालमत्ता नवऱ्याच्या नावावर आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या बाजूला नवरा-बायको दोघंही त्या मालमत्तेचे निम्म्याचे धनी. नवरा वारला तर वीस लाख बायकोचेच आहेत. ते वारशात येतच नाहीत. उरलेल्या विसातले दहा लाख मुलांना मिळालेच पाहिजेत, मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्राने हवं तसं देता येतात ते फक्त दहा लाख. महाराष्ट्राच्या बाजूच्या हिंदू कुटुंबात नवऱ्याने ही मालमत्ता स्वतः कमावलेली असेल, तर तो ती सगळीच्या सगळी मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो.

वारशाचा भाग आता गोवा विधानसभेने केलेल्या 2012 च्या कायद्यात आला आहे, तत्त्व तेच ठेवून. बायकांच्या दृष्टीने हा नियम चांगला आहे, आणि तसं म्हणायला संकोच नको. पण त्याच राजवटीने 1880 मध्ये हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरं लग्न करायची मुभा दिली होती, हेही त्याच कायद्याच्या इतिहासात आहे. गोव्याच्या समान नागरी कायद्याचे दाखले देणाऱ्यांनी ही दोन्ही पानं वाचावीत.

उत्तर कोकणात वारसा वेगळ्या रूपात राहिला. 1739 मध्ये वसई गेली, पुढच्या वर्षी चौल-कोर्लई गेलं. पोर्तुगीज अधिकारी निघून गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली शेतकरी, बागायतदार, कोळी कुटुंबं तिथेच राहिली. ती मराठीच होती आणि मराठीच राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वाडीत हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली घरात बोलतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती टिकून आहे.

आणि शेतात-ताटात आलेल्या गोष्टी आहेतच. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस, तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांनी आणले. वेल्ह्याच्या भाकरीबरोबरच्या ठेच्यातली मिरची साडेचारशे-पाचशे वर्षांपलीकडे इथे नव्हती. हे सगळ्यांना आवडीने सांगितलं जातं. त्याच जहाजांतून आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून येत होती, हे सहसा सांगितलं जात नाही.

5. डिंगमार आणि मराठी छापील अक्षर

डेन्मार्कची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते, कारण इतक्या लहान सत्तेचा मराठीशी इतका जवळचा संबंध आला.

1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला तरंगमबाडी हे समुद्रकाठचं गाव व्यापारासाठी दिलं. डेन्मार्कवाल्यांनी तिथे किल्ला बांधला. पन्नासेक वर्षांत तंजावर शहाजीराजांच्या धाकट्या मुलाकडे, व्यंकोजीराजांकडे, गेलं. म्हणजे या डिंगमारांचे जमीनमालक मराठे झाले. भाडं मराठी राजाला द्यायचं, आणि भांडण झालं तर वेढाही मराठ्यांचाच पडायचा.

1706 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाव हे जर्मन पाद्री तरंगमबाडीला उतरले. तिथे त्यांनी छापखाना उभारला आणि तमिळमध्ये पुस्तकं काढली. त्याच मिशनमधला श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या दरबारात वजनदार माणूस झाला. पोरवयातल्या सरफोजीराजांच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची काळजी त्याने घेतली. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले. त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि 1806 मध्ये इसापनीतीचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापलं. पुण्या-मुंबईत मराठी पुस्तक छापायची सोय होण्याच्या आधीची ही गोष्ट.

दुसरा धागा बंगालमधला. हुगळीकाठी सेरामपूर हे डेन्मार्कचं दुसरं ठाणं होतं. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा आपल्या मुलखात पाद्र्यांना थारा देत नव्हती. धर्मप्रसाराने लोक बिथरतील आणि व्यापार बिघडेल ही धास्ती. म्हणून मार्शमन आणि वॉर्ड हे इंग्रज पाद्री 1799 मध्ये सरळ डेन्मार्कच्या हद्दीत उतरले. इंग्रजांनी त्यांना ताब्यात मागितलं. डॅनिश गव्हर्नर ओले बी याने नकार दिला. 1800 मध्ये विल्यम केरी हा पाद्री त्यांना येऊन मिळाला.

केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवू लागला. वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण तयार केलं आणि ते 1805 मध्ये सेरामपूरला छापलं. 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, तो मोडी टाइपात. पाठोपाठ ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही मराठी पुस्तकं निघाली. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्या घराण्याने त्या छापखान्यासाठी टाइप पाडले. इंग्रजांच्या हद्दीत जे काम सुरू होऊ शकलं नसतं, ते डेन्मार्कच्या झेंड्याखालच्या चिमुकल्या गावात झालं. तिथे छापील मराठी गद्याचा पाया पडला. पाद्र्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता; कामाचा फायदा भाषेला झाला.

1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. 1845 मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि सेरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. सनद मात्र पुढेही मानली गेली. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या सेरामपूरच्या पदव्या आज भारतभरच्या संस्थांतून दिल्या जातात, पुण्यातल्या संस्थांतूनही.

पण डेन्मार्कचंही दुसरं पान आहे. अटलांटिक समुद्रापलीकडे, कॅरिबियन बेटांवर, त्याचे उसाचे मळे गुलामांच्या घामावर चालत. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा हुकूम डेन्मार्कने 1792 मध्ये काढला, अंमल 1803 पासून. म्हणजे आधी साठा करून घ्यायला दहा वर्षं दिली. ती बेटं 1917 मध्ये अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली.

6. वसाहत नसलेले

स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. त्याची एकही वसाहत नव्हती. तरी 1851 मध्ये फोल्कार्ट बंधूंनी एकाच वेळी विंटरथूर आणि मुंबई इथे पेढी उघडली. हिंदुस्थानी कापूस युरोपच्या गिरण्यांना विकणारी ती एक मोठी पेढी झाली. रेल्वे, कायदा आणि बंदोबस्त इंग्रजांचा. दुसऱ्याने उभ्या केलेल्या साम्राज्याचा फायदा पेढीने घेतला. टाटा आणि फोल्कार्ट यांच्या भागीदारीतून 1954 मध्ये व्होल्टास कंपनी निघाली.

स्वित्झर्लंडच्याच बासेल शहरातल्या मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. धर्मांतर केल्यामुळे जातीचा आधार तुटलेल्या लोकांना काम द्यायचं हा एक हेतू होता. ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं हलकी आणि पावसाला टिकाऊ निघाली. कोकणात आणि घाटमाथ्यावर, वेल्हे-भोरच्या मुसळधार पावसाच्या गावांत, नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौलं आली ती अशी.

7. शेवटी कोण गेलं

1947 नंतरही पोर्तुगीज गेले नाहीत. हुकूमशहा सालाझारने गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे असं कागदावर ठरवून टाकलं. लहान देशाला गोवा सोडवत नव्हता, कारण आफ्रिकेतली अंगोला आणि मोझांबिक हातची जातील ही भीती होती.

1954 मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. अध्यक्ष केशवराव जेधे, भोरजवळच्या कारीच्या जेध्यांच्या घराण्यातले; ज्या घराण्यातल्या कान्होजींनी अफझलखानाच्या वेळी महाराजांची साथ केली तेच घराणं. चिटणीस जयंतराव टिळक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली. त्यात पुण्याचे तरुण होते, सुधीर फडके होते. मे 1955 मध्ये सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांनी सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी गोव्यात नेली. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. 15 ऑगस्टला सीमा ओलांडणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. 19 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. पोर्तुगालने ते मान्य केलं 1974 च्या अखेरीस, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर.

इतिहास इथे संपत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात, दमणला किंवा दीवला जन्मलेली माणसं पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक ठरतात. त्यांची जन्मनोंद लिस्बनला करून त्यांच्या मुला-नातवंडांनाही ते नागरिकत्व घेता येतं. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्या पासपोर्टची किंमत वाढली. हजारो गोमंतकीयांनी तो घेतला आणि ब्रिटनमध्ये कामाला गेले. स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मतदार यादीतलं नाव जातं. नुसती जन्मनोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर तो माणूस भारतीय राहिला की नाही, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. गावच्या पंचापासून आमदारापर्यंत कित्येकांच्या निवडीला याच मुद्द्यावर हरकती घेतल्या गेल्या आहेत.